बावीस मीटर केबल

५ सप्टेंबर १९९६, गुरुवार

ही वही बाबांच्या पार्सल ऑफिसातली. वर 'आवक' असं छापलंय. खोडलं नाही. आयुष्यात काही आवक व्हायची असेल तर ती आता इथेच लिहायची.

एक गोष्ट आधी स्पष्ट करून टाकतो. डिप्लोमा मी सोडला, डिप्लोमाने मला नाही. तिसऱ्या सेमिस्टरला लॅबमधली मोटर जळली तेव्हा सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्याकडे बोट दाखवलं. मोटर मीच जाळली होती, पण बोट दाखवायचीही एक पद्धत असते. त्याच संध्याकाळी बॅग भरून डहाणू रोडला उतरलो. त्याला आठ महिने झाले.

आज बाबांनी मासळीच्या पार्सलचे कागद देऊन खाडीवरच्या मच्छीमार सोसायटीत पिटाळलं. जेटीला तीसेक बोटी उभ्या. कुठे जायचं नाही की यायचं नाही, तरी सगळ्यांची इंजिनं चालू. बॅटरी चार्ज करायला आणि बोटीच्या तळाला साचलेलं पाणी पंपाने उपसायला म्हणे. काळा धूर सरळ समोरच्या घरांत. सोसायटीच्या खिडकीत एक मुलगी कागदांवर शिक्के मारत होती. धुरामुळे मधेच दिसायची, मधेच नाही. शिक्का मारताना खालचा ओठ दाताखाली धरते.

नाव वसुमती. क्लार्क आहे. पावतीवर तिची सही आहे. पावती बाबांना दिली नाही.

ठरलं. हा धूर मी बंद करणार.

७ सप्टेंबर, शनिवार

योजना तयार. तत्त्व सोपं आहे. आपल्या स्टेशनातून मालगाडी जाते, चिकूची पार्सलं जातात. वर तार, खाली गाडी, धूर नाही. मग बोटीला का नाही? खाडीत खांब, खांबांवर तार, प्रत्येक बोटीच्या डोलकाठीवर तारेला टेकून वीज घेणारा पेंटोग्राफ. पुढे हीच लाईन मुंबई बंदरापर्यंत न्यायची. मग मोठी जहाजं. एकूण खांब चार हजार शंभर.

बाबांना ड्रॉइंग दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, बोटीला वळायचं असलं तर? रुळांवर आयुष्य गेलेल्या माणसाला वळायची काळजी असणारच.

१० सप्टेंबर, मंगळवार

वसुमतीला ड्रॉइंग दाखवलं. हसली नाही. बाकी सगळे हसले, ती नाही.

तिचं म्हणणं असं, की समुद्रात तार नेऊन काय करणार, तिथे धूर खायला कोण बसलंय. धूर होतो तो इथे, बोटी उभ्या असताना. जेटीवर एक खांब रोवून त्यावरून बोटीला केबल दिली तर इंजिन बंद ठेवता येईल. म्हणजे माझ्या योजनेचा पहिला टप्पा तिला न सांगता समजला. हुशार आहे.

जेटीसमोरचं पहिलं घर तिचंच. आई जमनामावशी वर्षभर खोकतेय. डॉक्टर म्हणतात, घर बदला. ती म्हणाली, घर कुठे बदलणार, बोट तर इथेच लागणार.

मग विचारलं, वीज पण त्या थर्मलमध्ये कोळसा जाळूनच होते ना, तो धूर तिकडे निघेलच. मी म्हटलं, तिथली चिमणी फार उंच आहे. ती म्हणाली, "उंच असली तरी आभाळ तेच आहे." पण मग थोडा विचार करून म्हणाली, की निदान आईच्या खिडकीत तरी येणार नाही, आणि तीस इंजिनांपेक्षा एक चिमणी बघणं सोपं. मी म्हटलं, एक्झॅक्टली. मी हेच म्हणणार होतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सोसायटीचं वायरिंग करणारा गंजाडचा नविन आहे, त्याला तिने मदतीला आणलं. आयटीआय. कानावर पेन्सिल, खिशात टेस्टर, बोलणं जवळजवळ नाहीच. माझं ड्रॉइंग बघून त्याने एकच प्रश्न विचारला: "पाणी किती उतरतं?" मी सांगितलं, हे इलेक्ट्रिकल ड्रॉइंग आहे.

मग म्हणतो, केबल कप्पीवरून घ्या आणि टोकाला वजन बांधा, म्हणजे बोट खाली गेली की केबल सुटेल, वर आली की आपोआप ओढली जाईल. मी विचारलं, विहिरीचा रहाट करायचाय का? त्याने ड्रॉइंगची घडी करून परत दिली.

आयटीआय आणि डिप्लोमा यांत फरक असतो. डिप्लोमा अर्धा असला तरी असतो.

२४ सप्टेंबर, मंगळवार, दुपारी ४

घाईत लिहितोय, अक्षर माफ.

वसुमतीने बोलावलं. शब्द जसेच्या तसे: "पुनवेला जेटीवर या. भरतीपासून ओहोटीपर्यंत बसून बघा."

वेळ विचारली तर म्हणाली, तिथीची पाऊणपट करायची. पुनव पंधरावी, म्हणजे सव्वाअकराला भरती. अप्लाइड मॅथ्सची परीक्षा मी दोनदा दिली आहे, हे सूत्र त्यात नव्हतं. पण मुद्दा सूत्राचा नाही. एक मुलगी स्वतःहून सहा तास बसायला बोलावते. डहाणूत असं होत नाही.

इस्त्री: आकाशी शर्ट.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, पौर्णिमा

अकराला जेटीवर पोचलो ते साडेपाचपर्यंत हललो नाही. सोसायटीची खिडकी बरोबर समोर येईल असा दगड पकडला.

नोंदी. तिने त्रेचाळीस कागदांवर शिक्के मारले. दीड वाजता जेवली, भाकरी आणि कालवण. खिडकीतून माझ्याकडे पाच वेळा बघितलं, सहावी शंकास्पद. तीन वाजता वेणी पुन्हा घातली.

माझ्या पाठीमागे पाणी वगैरे होतं. सकाळी बोटी माझ्या डोक्याच्या वर दिसत होत्या, मग बरोबरीने आल्या, मग दिसेनाशा झाल्या. शेवटी कोणीतरी लांब शिडी लावून खाली उतरत होतं. त्यांची नेहमीची कामं असतात, मी लक्ष दिलं नाही.

साडेपाचला ऑफिस बंद करून ती बाहेर आली. विचारलं, बघितलंत? मी म्हटलं, सगळं. ती हसली. म्हणाली, असं सहा तास कोणी बसत नाही. मी म्हटलं, मी बसतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज गेला. सोसायटीचे सेक्रेटरी आजारी असल्यामुळे अर्जावर वसुमतीचीच सही लागली. चेअरमनने विचारलं, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? ती म्हणाली, माझी. बोटही तिच्याच वडिलांची मिळाली. पांडूकाका. बोटीचं नाव 'जमनामाय', बायकोच्या नावावरून. काका म्हणाले, पोरी, तुझा विश्वास आहे ना, मग ने.

माझ्यासाठी तिने सगळं पणाला लावलं. याला कमिटमेंट म्हणतात.

१२ ऑक्टोबर, शनिवार

संकल्प. उद्यापासून नवरात्र आणि व्यायाम. रोज शंभर बैठका. नविनशी तोंडदेखलं बोलायचं. वसुमतीला मनातलं सांगायचं, पण उद्घाटनाच्या दिवशी, यशाच्या उंचीवरून.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बैठका: अकरा. गुडघा.

१९ ऑक्टोबर, शनिवार, अष्टमी

केबलचं मोजमाप झालं.

नविन म्हणत होता, आज नको. आज अष्टमी, भांगाचं पाणी, कमी चढतं आणि कमीच उतरतं. उधाणाच्या ओहोटीला मोजू, म्हणजे थेट पुढच्या पुनवेला. मी सांगितलं, सोमवारी दसरा आहे, केबल दसऱ्यालाच घ्यायची. शुभ काम आहे. शिवाय मेजरटेप बाबांच्या ऑफिसची, सोमवारपर्यंत परत न्यायची आहे. चंद्राच्या सोयीने काम करायला मी काय खलाशी आहे?

दुपारी बारा वाजता, ओहोटी पूर्ण झाल्यावर, खांबापासून बोटीच्या डोलकाठीपर्यंत अठरा मीटर. वर चार मीटर जास्त धरले. उदार मनाने. बावीस.

वसुमतीने विचारलं, "पुनवेचं पाणी बघून ठेवलं होतंत, ते धरलंत ना?" मी म्हटलं, हो. तिने लगेच मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. माणसाचा माणसावर असा विश्वास हवा.

२१ ऑक्टोबर, दसरा

केबल आणली. देवाजवळ ठेवून हळदकुंकू, झेंडूची माळ. आई म्हणाली, लोक शस्त्रांची पूजा करतात. मी म्हटलं, हेच माझं शस्त्र.

वसुमतीला आपट्याचं पान द्यायला जेटीवर गेलो. 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' असं ती म्हणाली. तिने अजून बऱ्याच जणांना पानं दिली, पण 'राहा' मला म्हणताना आवाज खाली आला होता. नविन शेजारीच होता. त्याला 'रे' म्हणते. ज्यांच्याविषयी काही वाटत नाही त्यांना माणूस सहज 'अरे' म्हणतो.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

खांब उभा, पेटी बसली, वीज आली. सगळं चोख.

पेटीला कुलूप लावलं. बोर्ड रंगवला: कवटी, खाली दोन हाडं, 'सावधान, केबलला हात लावू नये, ४४० व्होल्ट'. आहेत दोनशे तीसच, पण लोक दोनशे तीसला घाबरत नाहीत. केबलचं बोटीकडचं टोक डोलकाठीला सहा वेढे देऊन वर नायलॉनच्या दोरीने आवळलं. चोराचा बाप आला तरी सुटणार नाही.

नविन म्हणाला, वेढे ढिले ठेवू, आणि चावी सोसायटीत टांगू. चावी माझ्या खिशात आहे. ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा माणूस अजून भेटायचाय, वसुमती सोडून. आणि तिच्या हाती चावी दिली तर ती नविनला देईल.

२६ ऑक्टोबर, शनिवार, कोजागरी, सकाळी ११.५०

यश.

सव्वाअकराला, बरोबर भरतीला, चेअरमनने नारळ फोडला आणि मी स्विच ओढला. पंप सुरू. चार्जर सुरू. दिवसाढवळ्या डोलकाठीवर शंभराचा बल्ब. पांडूकाकांनी इंजिन बंद केलं, मग उत्साहाने बाजूच्या बोटींचीही बंद करायला लावली. एकदम शांत झालं. पाण्याचा आवाज ऐकू आला. जमनामावशीने खिडकी सताड उघडली आणि तिथेच उभी राहिली.

वसुमतीचे डोळे भरून आले होते. माझ्यामुळे कोणाचे तरी डोळे धुराशिवाय भरले.

दुपारी २

स्टेशनजवळच्या फोटोग्राफरला आणायला निघतोय. फोटोत तीन जण: मी, वसुमती, बोट. त्यानंतर मनातलं सांगणार.

नविनला घरी पाठवलं. इथे नुसतं उभं राहायचं काम नाही म्हटलं. जाता जाता म्हणतो, चावी तरी ठेवून जा. मी खिसा थोपटला आणि निघालो.

२७ ऑक्टोबर, रविवार

विश्वासघात.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काय झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी खोटं सांगायला नको.

फोटोग्राफरकडे एका मुलीचे स्थळाला पाठवायचे फोटो चालले होते. दोन साड्या बदलून झाल्या. साडेचार वाजता मी त्याच्या आरशात भांग पाडत होतो. तिकडे खाडीतलं पाणी गेलं. नेहमी जातं तसं नाही, सगळं गेलं. एवढं जायची काही गरज नव्हती.

बोट खाली जायला लागली तशी केबल ताणली. डोलकाठी खांबाकडे खेचली गेली. बोट एरवी मधल्या चिखलात सरळ बसते म्हणे, ती जेटीच्या दगडी उतारावर आडवी कलंडली. वसुमती ओरडत होती, दोर कापा. पण साठ माणसं बोर्ड वाचून लांब उभी. चारशे चाळीस व्होल्ट. स्विच बंद करावा तर पेटीला कुलूप, आणि चावी फोटोग्राफरच्या आरशासमोर. माझ्या घरी सायकलवरून माणूस धाडला, मी घरी नव्हतो. शेवटी केबलने पेटीच खांबावरून उपटली. ठिणग्या, धडाम, आणि बर्फाच्या फॅक्टरीसकट दोन आळ्यांतली वीज गुल.

मग भरती परत आली. आडव्या बोटीत पाणी वरून शिरलं. इंजिनात खारं पाणी.

आता दोष कोणाचा. चंद्राचा आहेच. फोटोग्राफरचा आहे. नविनचा तर आहेच आहे. मी जा म्हटलं म्हणून तो गेला, खरा मित्र गेला नसता. आणि त्या साठ माणसांचा. एका बोर्डावर इतका आंधळा विश्वास?

३० ऑक्टोबर, बुधवार

वसुमतीच्या घरी गेलो. अंगणात गोणपाटावर इंजिनाचे भाग मांडले होते. पांडूकाका एकेक भाग गोड्या पाण्याने धूत होते. पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. ऐन हंगामात बोट बंद. बाकीच्या बोटींची इंजिनं पुन्हा सुरू झाली आहेत. आत जमनामावशी खोकत होती. खिडकी बंद.

वसुमती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "पुनवेला तुम्ही सहा तास बसलात. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, एवढं मन लावून पाणी बघणारा माणूस पोकळ नसणार. म्हणून सही केली."

मला सांगता आलं असतं. तोंड उघडलं तेव्हा सांगणारच होतो. बाहेर पडलं ते असं: "नविनने केबल कमी आणली."

केबल मीच आणली होती. झेंडूची माळ घालून.

ती वळून आत गेली.

संध्याकाळी

शांतपणे विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ती सहा तास माझ्याकडे बघत होती. मी पाच वेळा मोजलं होतं, ते चूक.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी सोसायटीची सभा. अर्जावर वसुमतीची सही, म्हणून तिलाच जाब विचारणार. तिची नोकरी जाऊ शकते.

ठरलं. सभेत जाऊन सगळ्यांसमोर सांगणार: मोजमाप माझं, बोर्ड माझा, कुलूप माझं, चावी माझ्या खिशात. तिने पुनवेचं पाणी बघायला सांगितलं होतं, मी बघितलं नाही. नरपडच्या किनाऱ्यावर सायकलने जाऊन सुरूच्या झाडांसमोर सराव केला. भाषण चार पानं. तिसऱ्या पानावर मी सर्वांना क्षमा करतो.

२ नोव्हेंबर, शनिवार

ताप आल्यासारखं वाटतंय. थर्मामीटर म्हणतो अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. थर्मामीटर जुना आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

गेलो. आजारी असून गेलो, याची नोंद व्हावी.

सोसायटीच्या दारात चपलांचे साठ जोड. आतून चेअरमनचा आवाज, मोजमाप कोणी केलं? पाय उंबऱ्यावर होता. भाषण खिशात होतं. मग वसुमतीचा आवाज आला: "मोजमाप मी मान्य केलं. सही माझी आहे."

आत जायला अगदी योग्य वेळ होती. पण मी सोसायटीचा सभासद नाही. सभासद नसताना सभेत बोलणं नियमाला धरून नाही. दहा मिनिटं उभा राहिलो. मग एका आजीने बाहेर येऊन विचारलं, पोरा, कोणाची चप्पल शोधतोस? परत आलो.

एक गोष्ट फार लागली. तिने माझं नावच घेतलं नाही. एवढी योजना, एवढा अपघात, आणि त्यात माझा उल्लेख नाही. इतकं परकं करावं माणसाला?

४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा आईला सांगत होते, मी जेवत होतो. काल बाबा ड्यूटी बदलून सभेला गेले होते. मागे बसले होते. शेवटी उभे राहून म्हणाले, "पोरगा माझा आहे. काय करायचं ते सांगा." त्या साठ जोडांत बाबांची चप्पलही होती, मी ओळखली नाही.

वसुमतीला क्लार्कच्या जागेवरून काढलं.

बाबांनी मला न विचारता माझ्या वतीने माफी मागितली. तो माझा अधिकार होता. हे मी त्यांना बोलून दाखवणार होतो, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. भात वाढताना आईला म्हणाले, याला आमटी वाढ.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी. घरातून बाहेर पडलो नाही. चकली बरी झाली आहे.

बातमी आली ती अशी. बोटीपर्यंत वीज न्यायची नाही, बॅटरी विजेपर्यंत आणायची, असं नविनने सुचवलं. जाळी ठेवायच्या जुन्या शेडमध्ये चार्जर बसवलेत. खलाशी संध्याकाळी बॅटरी खांद्यावर घेऊन येतात, सकाळी भरलेली नेतात. पंप त्याच बॅटरीवर चालतो. जेटीला लागल्यावर इंजिन बंद. शेड वसुमती बघते. चेअरमननेच तिला बसवलं, म्हणे चूक कबूल करणारं माणूस हिशेबी असतं.

योजना माझी. त्यातून फक्त खांब, केबल, पेटी आणि मी एवढं वगळलं.

नविन, तुला मी कधी आपला मानलं नाही, तरी तू असा दगा द्यावास?

१६ नोव्हेंबर, शनिवार, तलासरी

बाबांनी ओळखीने हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात चिकटवलं. बिल्ट्या लिहायच्या: माल काय, कुठून, कुठे. खोली मागच्या बाजूला. खिडकीपाशी ट्रक उभे राहतात, इंजिन चालू ठेवून. एका ड्रायव्हरला म्हटलं, बंद करा. तो गुजरातीत म्हणाला, बंद केली तर परत चालू व्हायची नाही, धक्का तू मारणार का? मी शरीराने तयार नव्हतो.

खरं म्हणजे ही हद्दपारी आहे. कोणी तसं म्हणत नाही एवढंच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार, तलासरी

खोकला. रुमालावर काळं. खिडकी बंद केली तर उकडतं, उघडली तर धूर. शेजारचा बिल्टीवाला चैत्या म्हणाला, पंधरा दिवसांत सवय होईल. त्याला चार वर्षं झाली, तो अजून खोकतो.

ट्रकसाठी योजना सुचली. हायवेच्या कडेला खांब, प्रत्येक ट्रकला प्लग. ड्रॉइंग काढायला घेतलं. अर्धवट ठेवलं. म्हटलं, आधी ड्रायव्हरांना विचारावं की गाडी थांबते तरी किती वेळ. विचारलं. कोणी वीस मिनिटं, कोणी दोन दिवस. असं विचारायचं असतं, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

२१ नोव्हेंबर, गुरुवार, तलासरी

चैत्या आला नाही म्हणून दिवसभर एकटा. खोकून खोकून बरगडी दुखते. जमनामावशी हे वर्षभर करतेय, माझं पाचव्या दिवशी पुरे झालं.

रविवारी डहाणूला जाणार. भाषण नाही. चारच वाक्यं. सगळ्यांसमोर सांगणार. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. दगडसुद्धा मारतील. वसुमती रडेल बहुतेक. रडली तर काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार, डहाणू

सकाळच्या एसटीने आलो. संध्याकाळी जेटीवर गेलो. बोटी उभ्या होत्या, धूर नव्हता. जमनामावशी ओट्यावर बसून सुकट निवडत होती. म्हणाली, बारीक झालास रे. आणि निवडत राहिली.

शेडबाहेर लाईन होती. लाईनीत पांडूकाका. इंजिन लागलं का विचारलं. म्हणाले, लागलं, परवापासून जातो समुद्रात. मग बॅटरी माझ्या हातात दिली, जरा धर, तंबाखू घेऊन येतो, आणि गेले ते गप्पा मारत उभे राहिले. बॅटरी जड असते. अर्धा तास धरली. कोणीही दगड मारला नाही. एकाने शर्टाला ॲसिड लागेल म्हणून सांभाळायला सांगितलं.

आत टेबलाशी वसुमती. खडूने बॅटऱ्यांवर नंबर घालत होती. नविन मागे चार्जरच्या वायरी लावत होता. माझी पाळी आली. बॅटरी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो:

"माप अष्टमीला घेतलं होतं. मी घेतलं होतं. केबल नविनने आणली नव्हती. चावी माझ्या खिशात होती."

शेडमध्ये एकदम शांतता पसरेल असं मला वाटलं होतं. पसरली नाही. चार्जर घूं करत होता. मागे कोणीतरी बांगड्याच्या भावावर बोलत होतं, ते बोलत राहिलं. नविनने मान वर केली आणि पुन्हा वायरीत घातली.

वसुमतीने बॅटरीवर चौदा नंबर घातला.

"ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी न्यायला सांगा. पुढे सरका, मागे लाईन आहे."

सरकलो.